एकशे आठवर ठेवलेला पाना

शामकांत रिसबूड हे नाव आता फक्त त्यांच्या पासपोर्टवर उरलं होतं. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या त्या अख्ख्या ब्लॉकमध्ये ते 'चीफ' होते. लिफ्टमध्ये चीफ, मंडळाच्या गणपतीत चीफ. खालच्या कॉफीशॉपातल्या चिनी आजीबाईंनासुद्धा त्यांनी 'चीफचा चहा, साखर कमी' एवढं पढवून ठेवलं होतं. बोटीवरून उतरून बरीच वर्षं झाली, पण बोट काही त्यांच्यातून उतरली नव्हती. स्वयंपाकघराला ते 'गॅली' म्हणायचे, पाहुण्यांच्या खोलीला 'केबिन'. नळ गळायला लागला की 'इंजिन रूममध्ये लीकेज!' अशी आरोळी ठोकायचे आणि मग सोफ्यावर बसून प्लंबरला फोन लावायचे.

बोटीवरचा चीफ इंजिनियर म्हणजे काय, हे आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटायचं, या माणसाने उभा जन्म तेलात हात घालून काढला. खरी गोष्ट अशी, की चीफच्या हातात पाना कमी आणि कॉफीचा मग जास्त. पाना फिरवायला खालची पोरं असतात. चीफने मागे हात बांधून उभं राहायचं आणि 'असं नाही रे गाढवा, असं' एवढं म्हणायचं. ही माहिती प्रेमाकाकूंची, म्हणजे चीफच्या सौभाग्यवतींची. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर बोटीवर हिंडल्या होत्या आणि इंजिन रूमच्या जिन्यावर उभं राहून त्यांनी हा पराक्रम डोळ्यांनी पाहिला होता.

त्या दिवसांची एकच खूण घरात होती, ती म्हणजे एक जुना टॉर्क रेंच. लांब दांड्याचा, जडशीळ, चकाकी गेलेला पाना. मुठीला पीळ देऊन हवा तो आकडा लावायचा आणि नट आवळत न्यायचा. तेवढा जोर झाला की आतून 'कट्' असा आवाज येतो, म्हणजे बस. आत स्प्रिंग असते, सगळी करामत तिची. चीफ सांगायचे, कोबेच्या गोदीतल्या जपानी साहेबाने कामावर खूश होऊन हा भेट दिला. प्रेमाकाकूंच्या म्हणण्याप्रमाणे बोट भंगारात निघाली तेव्हा हा चीफच्या बॅगेत, लुंगीच्या घडीत लपून घरी आला. कोणतं खरं मानायचं ते ज्याचं त्याने बघावं. कोबेचा जपानी काही साक्षीला येणार नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. सिंगापुरात आपल्या लोकांची हत्यारं म्हणजे लॅपटॉप, तेव्हा घरोघर लॅपटॉपला हळदकुंकू लागायचं. चीफ ते बघून हसायचे. "त्याला हळदकुंकू कसलं लावता? अँटिव्हायरस लावा!" त्यांच्या घरी मात्र पाट, पाटावर लाल कापड, लिटल इंडियातून आणलेला झेंडू आणि मधोमध हा पाना. पूजेआधी चीफ मूठ पिळून आकडा लावायचे: एकशे आठ. जपाच्या माळेचे मणी एकशे आठ, आणि त्यांच्या जपानी गाडीच्या चाकांच्या नटांना लागणारा जोरही नेमका तेवढाच.

"देवाचा आकडा आणि कारखान्याचा आकडा जुळला, प्रेमा! याला म्हणतात इंजिनियरिंग!"

मग मूठ तिथेच लॉक व्हायची आणि पाना वर्षभर देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, तसाच ताणलेला.

पहिल्याच वर्षी प्रेमाकाकू म्हणाल्या होत्या, "अहो, पण काम झालं की हा मागे फिरवून ठेवायचा असतो ना? बोटीवर त्या पोराला तुम्ही यावरून केवढं झापलं होतंत. ताणून ठेवली की स्प्रिंग थकते म्हणाला होतात."

"तो स्टोअरमधला पाना होता. हा देवापुढे आहे. देवापुढे स्प्रिंग थकत नाही. तू नैवेद्याचं बघ."

काकूंनी नैवेद्याचं बघितलं.

या गावात गाडी घ्यायची म्हणजे पुण्यात पार्किंगसकट फ्लॅट घेण्याइतकी कंबर मोडते. त्यामुळे ज्याने घेतली तो तिला लेकरासारखा जपतो. मंडळात कुणी टायर बदलले की सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी चीफपुढे हजर करायची, असा रिवाजच पडला होता. कारपार्कात दरबार भरायचा. चीफ देवघरातला पाना कुंकवासकट घेऊन यायचे, टायरवाल्याने हवेच्या गनने 'नटांचा गळा दाबलाय' असं जाहीर करायचे, सगळे नट सैल करायचे आणि स्वतःच्या हाताने पुन्हा आवळायचे. कट्.

"ऐकलंत? हा आवाज कीबोर्डातून येत नाही."

मग व्याख्यान. त्यात एक लाडका खलनायक ठरलेला: डिकीतला वाकडा पाना नटाला लावून त्यावर पाय देऊन उभा राहणारा माणूस. "पायाने नट आवळणारा आणि पायाने ताट सरकवणारा, माझ्या लेखी एकच!" लोक माना डोलवायचे. का, तर दरबार उठला की सगळ्यांनी वर जायचं असायचं आणि वर प्रेमाकाकू साबुदाणा वडे तळत असायच्या. त्या वड्यांसाठी माणसं याहून लांब व्याख्यान ऐकतील. चीफना मात्र वाटायचं, गर्दी ज्ञानाला जमते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या लांब सुट्टीत अश्विन तासकरने माती केली.

अश्विन त्याच ब्लॉकमधला. वन-नॉर्थला कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. काय मॅनेज करतो ते त्याच्या बायकोला, अनघालाही नीट सांगता येत नाही. त्याने चार नवे टायर घातले होते आणि शनिवारी पहाटे अनघाला आणि शाळकरी गार्गीला घेऊन तो मलेशियात, मलाक्काला निघणार होता. शुक्रवारी सकाळी गाडी दरबारात आली. चीफनी नट सैल केले, आवळले, कट्‌कट् झालं, पायाने ताट सरकवणाऱ्याचा उद्धार झाला. मंडळी जिन्याकडे वळणार, तेवढ्यात अश्विनने डिकीतून एक नवीकोरी प्लॅस्टिकची पेटी काढली.

"काका, एक गंमत बघू या? मीपण एक टॉर्क रेंच मागवलाय. ऑनलाइन."

त्याने त्यावर एकशे आठ लावला आणि चीफनी नुकत्याच आवळलेल्या नटावर चढवला. नट खरोखर आवळलेला असता तर हात लावताच 'कट्' व्हायला हवं होतं. झालं नाही. नट निमूटपणे फिरला. आणखी फिरला. मग कुठे कट्.

मंडळाचे सेक्रेटरी उल्हासदादा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले.

"नट फिरला!" गार्गी आनंदाने म्हणाली.

"फिरला नाही, तुझ्या बाबाने जास्त आवळला!" चीफ गरजले. "ऑनलाइन पायमोजे घ्यावेत, हत्यारं नाही."

"काका, मी एवढंच म्हणतोय की दोघांतलं एक काहीतरी चुकतंय."

"चुकतंयच. जे चुकतंय ते वन-नॉर्थला एसीत बसतं."

अश्विनचे कान लाल झाले. "मग तपासून, कॅलिब्रेट करून आणा की. तुआसला लॅब आहेत."

"उद्याच आणतो! आणि ऐका सगळ्यांनी. माझा पाना खोटा निघाला तर या कारपार्कात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मला चीफसुद्धा म्हणू नका, सरळ शामकांत म्हणा. पण खरा निघाला, तर हे खेळणं माझ्या हवाली करायचं आणि गणपतीत सगळ्यांसमोर माफी मागायची. आहे कबूल?"

माणसाने आपलं सगळं चीफपण एका स्प्रिंगवर लावलं. बरं, एवढ्यावर थांबावं? नाही. अश्विनने आवळलेला नट त्यांनी सैल केला आणि पुन्हा आपल्या पान्याने आवळला. अश्विनने तोंड उघडलं, तर अनघाने त्याच्या कोपराला चिमटा काढला. "असू दे रे. काका करतायत ना!" मग सगळे वर गेले आणि तोंडात वडे असल्यामुळे वाद आपोआप मिटला.

दुसऱ्या दिवशी चीफ बोटीवरचा पांढरा बॉयलर सूट इस्त्री करून घालून निघाले. पोटावरची चेन वर येईना, म्हणून तेवढा भाग हाताने झाकत निघाले. तुआसमधली ती लॅब म्हणजे गोदामांच्या रांगेतला एक गाळा. काउंटरवर एक तरुण बाई बबल टी, म्हणजे साबुदाण्याचे गोळे घातलेला थंड चहा, पीत होती. चीफनी लाल कापडात गुंडाळलेला पाना तिच्यापुढे अशा थाटात ठेवला, की जणू आता ती उठून सलामच करणार. तिने कापड दोन बोटांनी बाजूला केलं.

"अंकल, व्हाय गॉट रेड पावडर?"

"रिलिजियस."

"क्लीन फर्स्ट हां. माय मशीन डर्टी आफ्टर."

रुमालाने कुंकू पुसताना चीफना फार अपमान वाटला. मग त्यांनी पाना स्वतःच ओढायचा हट्ट धरला. तिला काय, तिला बबल टी संपवायचाच होता. आकडा लावायची गरज नव्हती, एकशे आठ लावलेलाच होता. मशीनच्या खोबणीत पान्याचं डोकं बसवलं, चीफनी पोटावरचा हात काढला आणि दांडा ओढला. कट्.

पडद्यावर आकडा उमटला: त्र्याऐंशी.

"युअर मशीन इज राँग," चीफ म्हणाले.

बाईने शेल्फवरचा दुसरा पाना घेऊन ओढून दाखवला. त्याचा आकडा चोख आला. चीफनी पुन्हा ओढला, चौऱ्याऐंशी. श्वास रोखून ओढला, ब्याऐंशी.

"स्प्रिंग फिनिश ऑलरेडी," ती म्हणाली. "टू ओल्ड, अंकल. नो पार्ट्स. बाय न्यू वन बेटर."

चीफना कुठून तरी इंजिन रूमची घरघर ऐकू आली आणि त्या घरघरीवर चढलेला स्वतःचाच आवाज: 'मागे फिरव रे गाढवा! ताणून ठेवलास तर मरेल तो!' ज्या पोराला झापलं त्याचं नावही आठवेना. वाक्य मात्र शब्दन् शब्द आठवलं.

आता माणूस ओळखायचा तो अशा वेळी. चीफच्या मनात पहिला विचार कोणाचा आला? मंडळाचा. उल्हास काय म्हणेल, कॉफीशॉपातली आजीबाई काय हाक मारेल. दुसरा विचार आला तो नव्या पान्याला जुनं लाल कापड गुंडाळून वेळ मारून नेता येईल का, याचा. आणि तिसऱ्या नंबरावर, धापा टाकत, गार्गी आली. मागच्या सीटवर बसून मलाक्काला निघालेली, त्र्याऐंशीच्या नटांवर. सैल नट एका दिवसात चाक सोडत नाही, हे त्यांना कळत होतं. पण भरलेली गाडी, हायवे आणि नवे टायर, एवढं डोळ्यांपुढे आलंच. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं, की तिसऱ्या विचाराने का होईना, त्यांनी फोन लावला.

"अश्विन, कुठे आहेस?"

"मलेशियाच्या पुलाच्या रांगेत, काका. इथेच, तुआसच्या टोकाला. पहाटेपासून लॉऱ्यांच्या मधे अडकलोय. काय झालं, रिझल्ट लागला?"

खरं बोलायला याहून सोपी संधी कुणाला मिळाली नसेल. माणूस एका वाक्यात मोकळा झाला असता.

"रिझल्टचं सोड रे. तुला एक सांगायचं राहिलं. नव्या टायरचा नियम असतो. थोडी चालली की नट पुन्हा आवळायचे. पलीकडे गेलास की पहिल्याच पंपावर थांब."

"तुम्ही आवळलेलेसुद्धा?"

"नियम सगळ्यांना सारखा!"

"कशाने आवळू?"

चीफ थांबले. "तुझं ते... खेळणं आहे ना डिकीत? त्याने."

पलीकडून, मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "आजोबा, पप्पा ऑलरेडी डिड लाह! यस्टर्डे, आफ्टर वडा!"

"गार्गी!" अनघा ओरडली.

"काय केलं?" चीफनी विचारलं.

"काका, रागावू नका," अश्विन म्हणाला. "वडे खाऊन खाली आलो तेव्हा परत आवळून घेतले. सगळेच घेतात."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे... सगळेच. उल्हासदादांच्या गाडीचं चाक गेल्या वर्षी खडखडलं ना, तेव्हापासून. तुमच्याकडून निघालं की पंपाशेजारच्या टायरवाल्याकडे जायचं. काकूच सांगतात ना, वड्यांचा डबा हातात देताना. 'जाताना नट तेवढे बघून घ्या रे.'"

दुसऱ्या कोणी इथे देवाचे आभार मानले असते, की पोरं सुखरूप आहेत. चीफ भडकले. पडद्यावर ब्याऐंशीचा आकडा अजून दिसत असताना, थकलेला पाना हातात धरून ते फोनवर ओरडले, "म्हणजे माझ्या कामावर तुमचा विश्वास नव्हता? माझ्या? इतके दिवस माझ्या घरी येऊन, माझे वडे खाऊन, माझ्या पाठीमागे?"

"रांग हलली, काका. ठेवतो!"

काउंटरवरच्या बाईने नळीने तळाचा शेवटचा साबुदाणा ओढला. सुर्र असा आवाज झाला.

परतीच्या वाटेवर चीफच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्या स्वतःच्या गाडीचे नटही याच पान्याने आवळलेले आहेत. आणि प्रकाश पडताच डाव्या बाजूने काहीतरी खडखडायला लागलं. बाटली असेल, छत्री असेल. पण चीफना चाक निखळताना दिसायला लागलं. एक्स्प्रेसवेवर ते बैलगाडीच्या चालीने निघाले. मागचे लॉरीवाले भोंगे वाजवत त्यांच्या मातुःश्रींची चौकशी करत पुढे जायला लागले. शेवटी चीफ बाहेर पडले, एका पंपावर थांबले, डिकी उघडली आणि आतून वाकडा पाना काढला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. पाना नटाला लावला, बॉयलर सूट सावरला आणि त्यावर पाय देऊन उभे राहिले.

नट जागचा हलला नाही. त्यांनी थोडी उडी मारली. हलला नाही. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळे पक्के, दगडासारखे.

चीफचा चेहरा उजळला. बघा! लॅबचं मशीन खोटं! ती बबल टीवाली काय कॅलिब्रेट करणार? पाना देवाचा, हात चीफचा, आणि नट हे असे! गाणं गुणगुणत ते घरी आले. दारातूनच सुरू झाले.

"प्रेमा, ती लॅब म्हणजे भंपक आहे. आपल्या गाडीचे नट मी आत्ता पाहिले. पायाने..." जीभ चावली. "हाताने पाहिले. एकसुद्धा हलत नाही! आणि तू म्हणे लोकांना सांगतेस नट बघून घ्या?"

प्रेमाकाकू साबुदाणा भिजत घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आपल्या गाडीचे उल्हासभाऊ आवळून देतात. तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा. मीपण बसते हो त्या गाडीत."

बॉयलर सूटची चेन आणखी थोडी खाली सरकली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की, पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, नैवेद्याचं बघ." काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "किती आला आकडा?"

"त्र्याऐंशी," चीफ पुटपुटले.

"तुमच्या रक्तदाबाचा खालचा आकडा बरा आहे त्यापेक्षा."

त्यांनी ओले हात पुसले, लाल कापडातला पाना घेतला, मूठ मागे पिळत पिळत सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवली आणि पाना देवघरात बाळकृष्णाशेजारी टेकवला. पुढे काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर चीफना उत्तर तरी देता आलं असतं.

पण शब्द दिला होता सगळ्या कारपार्कासमोर. पुढच्या शनिवारी दुसऱ्या कुणाची गाडी खाली आली आणि चीफ खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन बसले. सगळे काकूंकडून ऐकून मोकळे झाले होते, तरी कोणी ब्र काढला नाही. वडे बंद झाले असते. उलट उल्हासदादाच बोलवायला आले. "चला ना चीफ, तुमच्याशिवाय मजा नाही." चीफनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा उल्हासदादा म्हणालेच नाहीत, तरी चीफ चपला घालून त्यांच्याआधी लिफ्टपाशी हजर.

खाली अश्विन आपल्या नव्या पान्याने नट आवळत होता. चीफ बाजूला उभे राहिले. हातात काही नव्हतं, तेव्हा हात आपोआप पाठीमागे गेले आणि कितीतरी वर्षांनी ते पुन्हा खरेखुरे चीफ दिसायला लागले. गार्गी जवळ येऊन म्हणाली, "हॅलो, शामकांत आजोबा." त्यांना ते ऐकू आलं नाही, असं त्यांनी ठरवलं.

शेवटचा नट झाला. कट्. अश्विनने पाना तसाच एकशे आठवर पेटीत टाकला.

"असं नाही रे गाढवा!" चीफ असे ओरडले, की कारपार्काच्या वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजला. "मागे फिरव तो! ताणून ठेवलास तर स्प्रिंग थकते! एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हा लोकांना? कुणी शिकवलं तुम्हाला?"

वड्यांचा डबा घेऊन प्रेमाकाकू लिफ्टमधून बाहेर येत होत्या. त्या जागीच थांबल्या. मग शांतपणे झाकण उघडून त्यांनी एक वडा काढला आणि चीफच्या उघड्या तोंडात घातला.